जॉर्ज कूब यांचे संशोधन आणि व्यसनाची दुसरी बाजू
दारू न सुटणे हा निव्वळ इच्छाशक्तीचा प्रश्न आहे, असे म्हटले जाते, पण ते मत मला पटत नाही आणि त्याचे कारण व्यसनाचा अभ्यास करणारे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ जॉर्ज कूब यांच्या कामात आहे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत त्यांनी व सहकाऱ्यांनी दारूच्या वाफेत ठेवून व्यसनाधीन केलेले उंदीर वाफ थांबल्यावर पूर्वीपेक्षा जास्त दारू पीत, मात्र मेंदूच्या अमिग्डाला या भागात सीआरएफ या तणावाच्या रसायनाला अडवले की ते पिणे उतरत असे. म्हणजे व्यसन मुरल्यावर माणूस मजेसाठी नव्हे, तर जीव कासावीस करणाऱ्या अस्वस्थतेतून सुटण्यासाठी पितो, ही त्यांची मांडणी. सीआरएफ रोखणारी औषधे माणसांवरील चाचण्यांत फारशी उपयोगी ठरली नाहीत, हेही सांगायला हवे. २०१४ मध्ये कूब अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यविषयक संशोधन संस्थेचे संचालक झाले.