शब्दचर्चा: इंजिनाचं मिश्रण 'विरळ' करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एका हौशी बांधणीच्या दोन आसनी विमानाची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. इंजिन वॅन्केल जातीचं रोटरी, माझदाचं १३बी. पिस्टन नाहीत, दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकी ६५४ घन सेंटिमीटर. गाडी अडलीय ती मिक्श्चरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाच्या प्रकरणात. कोशाच्या भरवशावर 'रिच'ला (पेट्रोल जास्त) 'समृद्ध' आणि 'लीन'ला (पेट्रोल कमी) 'कृश' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. मग 'गाढ' आणि 'विरळ' केलं. तर आता हे वाक्य तयार झालंय: 'उंचीवर हवा विरळ होत असल्याने मिश्रण विरळ करावे.' वाचणारा म्हणेल, हवा विरळ झाली म्हणजे मिश्रणही झालंच की विरळ, मी आणखी काय करू? शब्द सुचवा.

प्रतिसाद:
गोम तिथेच आहे. हवा विरळ झाली की मिश्रण गाढ होतं. पेट्रोल तेवढंच येतंय आणि हवेचं वजन घटलंय, म्हणून तर वर गेल्यावर पेट्रोल आवरायचं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात 'विरल आम्ल' आणि 'संहत आम्ल' चालून जातं, कारण तिथे हवेचा संबंध नाही. इथे हवा हाच अर्धा मामला, आणि 'विरळ' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी हवाच येते. शब्द चुकीचा नाही, जागा चुकलीय. सरळ 'पेट्रोल कमी करा' लिहा. गॅरेजमध्येही 'गाडी पेट्रोल जास्त घेतेय' असंच म्हणतात.

प्रतिसाद:
नका लिहू! 'पेट्रोल कमी करा' वाचून वैमानिक थ्रॉटल मागे घेईल. थ्रॉटलने हवा आणि पेट्रोल दोन्ही कमी होतात, ताकद जाते. तुम्हाला फक्त प्रमाण बदलायचंय. 'पेट्रोलचं प्रमाण' हे दोन शब्द गाळू नका.

आणि आकड्यांकडेही बघा. हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ असेल तर दोन्ही पुरेपूर जळतात. पूर्ण ताकदीला १२.५ च्या आसपास ठेवतात. म्हणजे आकडा उतरला की मिश्रण रिच झालं. 'मिश्रण १२.५ पर्यंत वाढवा' असं कुणी लिहिलं तर वाचणारा उलट्या दिशेला जाईल, आणि भर ताकदीत लीन झालं तर ठोके बसून एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) तुटायला वेळ लागत नाही. मिश्रणाला 'वाढवा' आणि 'कमी करा' ही क्रियापदं लावूच नयेत असं माझं मत.

प्रतिसाद:
'मिश्रण' हा शब्दच आधी तपासा. टू-स्ट्रोक चालवलेल्या पिढीला मिश्रण म्हणजे पेट्रोल आणि ऑइल. रोटरीच्या सीलांना वंगण मिळावं म्हणून पुष्कळजण याही इंजिनाच्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालतात! म्हणजे एकाच पुस्तिकेत दोन मिश्रणं. गंमत अशी, की टाकीत ऑइल जास्त घातलं की तेवढी पेट्रोलची जागा जाते आणि हवेचं मिश्रण किंचित लीन होतं. एक मिश्रण गाढ केल्याने दुसरं विरळ! तेव्हा 'हवा-पेट्रोल मिश्रण' आणि 'ऑइल घातलेलं पेट्रोल' असं वेगळंच लिहा.

प्रतिसाद:
शिशाच्या विमान-पेट्रोलवर धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण रिच की लीन ते सांगणारा ऑक्सिजन सेन्सर फार टिकत नाही, म्हणून धुराड्याच्या तापमानावरून मिश्रण लावतात. पेट्रोलचं प्रमाण हळूहळू घटवत गेलं की तापमान चढतं, शिखर गाठतं, मग उतरतं. 'रिच ऑफ पीक' आणि 'लीन ऑफ पीक'ला मी 'शिखराच्या अलीकडे' आणि 'शिखराच्या पलीकडे' म्हणतो. हात नेहमी रिचकडून लीनकडे जातो, त्यामुळे अलीकडे कुठलं हे विचारावं लागत नाही.

सेन्सर असेल तर एक टीप टाकाच. मिश्रण फार रिच होऊन इंजिन मिस मारू लागलं की न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि मीटर 'लीन' दाखवतो. म्हणून 'मिश्रण लीन आहे' आणि 'मीटर लीन दाखवतोय' ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी वापरू नका.

प्रतिसाद:
थोडं अवांतर. 'रोटरी'शेजारी 'वॅन्केल' ठेवाच. विमानांच्या इतिहासात रोटरी म्हणजे १९०९च्या नोमसारखं इंजिन: क्रँकशाफ्ट विमानाला पक्का आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगरा फिरणारे. वंगणाला चक्क एरंडेल! आणि 'एक्सपेरिमेंटल'चं 'प्रायोगिक' करू नका, वाचक रंगभूमीवर पोचेल. अमेरिकेच्या नियमांत तो विमानाचा एक वर्ग आहे, हौशी बांधणीची विमानं त्यातच येतात. तुम्ही वर सहज लिहिलेलं 'हौशी बांधणीचं' छान आहे.

'ट्यूनिंग'ला 'समस्वरण' वगैरे नको. वरच्या प्रतिसादात कुणीतरी 'मिश्रण लावतात' लिहून गेलंय. तंबोरा लावतात तसंच. झालं की!

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. 'रिच' आणि 'लीन' तसेच ठेवतोय, कारण कॉकपिटमधल्या मिक्श्चरच्या बटणाजवळ तेच छापलंय. वाक्य आता असं: 'उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे मिश्रण रिच होत जाते. थ्रॉटल न हलवता पेट्रोलचे प्रमाण घटवून ते पुन्हा लावावे.' एकाची दोन वाक्यं झाली. चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल. फक्त 'घटवून'च्या आधी 'हळूहळू' घाला.