गुणवत्ता असेल तर अडवतं कोण?

सबस्टेशनवाली
काल चेंबूरकरांनी लिहिलं: "वर्तिका शुक्ला, आयआयटीच्या केमिकल इंजिनिअर, 1988 मध्ये इंजिनिअर्स इंडिया या सरकारी कंपनीत लागल्या आणि 2021 मध्ये तिथल्याच पहिल्या महिला सीएमडी (अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक) झाल्या. गुणवत्ता असेल तर कुणी अडवत नाही." वाचून झोप उडाली. कंपनी 1965 ची. मग 56 वर्षं गुणवत्ता काय रजेवर होती? 1948 च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम 66 वाचा. संध्याकाळी सात ते सकाळी सहा बाईला कारखान्यात काम नव्हतं. रिफायनरी चोवीस तास चालते. शिफ्टच केली नाही, तर शिफ्ट इन्चार्ज कशी होणार? आणि पुढे प्लँट हेड?
मी 1996 ला एका वीज कंपनीत ट्रेनी होते. सबस्टेशनच्या स्विचयार्डात बायकांना संडास नव्हता. मे महिन्यात आठ-आठ तास पाणी न पिता काढलेत.

चेंबूरकर
ताई, इंजिनिअर्स इंडिया डिझाइन करते, रिफायनरी चालवत नाही. तुमचं कलम 66 तिथे बसतच नाही. आणि माझ्या वडिलांनी माहुलच्या रिफायनरीत 31 वर्षं शिफ्ट केली. झोप गेली, पोट गेलं. हे हक्क म्हणून मागायचं?

सबस्टेशनवाली
बरं, उदाहरण चुकलं. पेढे वाटा. मग इंडियन ऑइल घ्या, ती तर रिफायनऱ्याच चालवते. तिथे रिफायनरी संचालकपदी बाई, सुक्ला मिस्त्री, 2022 मध्ये! आणि हॉस्पिटलातल्या सिस्टर रात्रभर उभ्या असतात, तेव्हा पोटाची काळजी कुठे जाते?

वऱ्हाडी ठसका
भांडा बाप्पा खुर्चीसाठी. आमच्याकडे शेतीची थ्री फेज रात्री येते. माझी माय दोन वाजता टॉर्च घेऊन मोटर चालू करायला जाते, साप-विंचवातून. तिला काऊन नाही लागत कलम 66?

चेंबूरकर
विषय काय, बोलता काय! दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे.

वऱ्हाडी ठसका
योजना आहेच. गावात आली की कळवतो. तुमच्या मुंबईची 12 ऑक्टोबर 2020 ला एक दिवस लाईट गेली, तर देशभर बोंब.

चेंबूरकर
लोकल बंद पडल्या होत्या हो! बायको भर उन्हात रुळांवरून चालत आली. असो. आईंना ऑटो स्टार्टर बसवून द्या, वीज आली की मोटर आपोआप चालू, उठायलाच नको.

सबस्टेशनवाली
अजिबात नको! वीज आली की फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो. हे मी सांगून थकले. मोटरीला कपॅसिटर लावा, म्हणजे लाइनवरचा भार कमी होतो, आणि अर्ज करून दिवसाचं वेळापत्रक मागा. एकट्याने नाही, फीडरवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

चेंबूरकर
घ्या, निघाल्या क्लास घ्यायला.

वऱ्हाडी ठसका
घेऊ द्या. आमचा डीपी तसाच जळला, वर्गणी काढून आणला. हे सांगायला एक इंजिनिअर नाही आला गावात. ताई, आमच्या डिव्हिजनला बदली घ्या. संडास आम्ही बांधून देतो.