मदत हवी आहे: हाल्मस्ताद ग्रुप आणि सर्रिअलिझम

कलेच्या इतिहासाचं प्रेझेंटेशन करायचंय आणि मी हट्टाने स्वीडनमधल्या समुद्रकाठच्या हाल्मस्ताद शहराच्या चित्रकारांचा हाल्मस्ताद ग्रुप घेतलाय, आता अडकलेय. १९२९ मध्ये सहा जण एकत्र आले, त्यातले एरिक आणि अ‍ॅक्सेल ओल्सन सख्खे भाऊ, वाल्डेमार लोरेंट्सन त्यांचा कझिन, म्हणजे अर्धा ग्रुप घरचाच! शिवाय स्वेन यॉन्सन, स्टेलान मॉर्नर आणि एसायस थोरेन. एरिक आणि वाल्डेमार १९२४ ला पॅरिसला फ्रेंच चित्रकार फर्नां लेजेकडे शिकले, म्हणून सुरुवातीची चित्रं घोटीव, भौमितिक, हे समजलं. पण मग तिशीच्या दशकात हेच लोक स्वप्नातल्यासारखे रिकामे किनारे, लांबच लांब सावल्या असलं रंगवायला लागले आणि १९३६ च्या लंडनच्या सर्रिअलिस्ट (स्वप्न आणि सुप्त मनावर आधारलेल्या कलेच्या) प्रदर्शनातसुद्धा सहभागी झाले, हा बदल नेमका कशामुळे झाला ते मला धड मांडता येत नाहीये. पॅरिसचं वारं की त्यांच्या गावचा समुद्र? मला मनातून समुद्रच वाटतो पण सरांना पुरावा लागतो. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराकडे कोणी मराठी असेल आणि हाल्मस्तादजवळचं म्येल्बी म्युझियम पाहिलं असेल तर प्लीज सांगा, तिथे चित्रं कशी लावलीयेत, वर्षांच्या क्रमाने का? आणि सर्रिअलिझमला अतिवास्तववादच लिहू ना?