सांगली-मिरज स्टेशन : तुमचे अनुभव लिहा

सांगली, मिरज, विश्रामबाग, माधवनगर, किर्लोस्करवाडी, यातल्या कुठल्याही फलाटावर गाडीची वाट बघितली असेल तर इथं लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील. आम्ही राहायला सांगलीत पण लांबची गाडी म्हटलं की मिरज, कारण पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर चारी लायनी तिथं मिळतात. त्यामुळं घरात कुणाला स्टेशनवर सोडायचं असलं की पहिला प्रश्न, "सांगली का मिरज?"

आरगकर
मी छोट्या गाडीबद्दल लिहितो. बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, 1927 ला मिरजेपर्यंत आली आणि आमच्या आजीची सगळी पिढी आषाढीला तिनंच पंढरपूरला गेली. मी पण बसलोय लहानपणी. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव करत जायची, डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघे लागायचे, आणि टाळवाले चढले की सगळा डबा अभंग म्हणायला लागायचा. एके काळी मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही रूळ होते, मग माल एका गाडीतनं काढून दुसरीत भरायचा, त्यावर कितीतरी हमालांची घरं चालायची.

मिरजेची माहेरवाशीण
सतारमेकर गल्लीतनं घेतलेला तंबोरा मी गोधडीत गुंडाळून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला नेलाय. वरच्या बर्थवर तो झोपला आणि मी रात्रभर बसून. शेजारच्या काकांनी भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून स्वतःची उशी दिली, ते मी विसरणार नाही. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब 1937 ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या स्टेशनवरच गेले, त्यांची कबर आपल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. मिरजेत उतरले की मी आधी तिथं जाते.

कृष्णाकाठ
2016 चा उन्हाळा कुणी कसं लिहिलं नाही अजून? दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते आपल्या मिरजेतनं! एप्रिलमध्ये पहिली जलदूत, म्हणजे पाण्याची रेल्वेगाडी, गेली ती 10 वाघिणींची (टाकीच्या डब्यांची), साधारण 5 लाख लिटर, नंतर 50 वाघिणींची गाडी म्हणजे एका खेपेला 25 लाख. वाघिणी राजस्थानात कोट्याला आतनं धुऊन आणलेल्या. कृष्णेचं पाणी हैदरखान विहिरीत घ्यायचं आणि तिथनं पाइपनं यार्डात भरायचं, रात्रंदिवस काम चाललं होतं, आम्ही पोरं बघायला जायचो. जत-आटपाडीकडं तेव्हा आपलेच टँकर चालू होते, तरी आमच्या गल्लीत "आपलं पाणी का देताय" असं एक माणूस बोललं नाही, उलट गाडी सुटली की म्हातारी माणसं हात जोडायची. आणि वर आरगकरांनी लिहिलंय ना, त्याच पंढरपूर-कुर्डुवाडी वाटेनं हे पाणी गेलं. मला तरी ह्या स्टेशनचं यापेक्षा मोठं काम माहीत नाही.

भडंगप्रेमी
भडंगाचा पुडा आणि कोयना एक्सप्रेस, बास.

विश्रामबाग
2024 पासून वंदे भारत सांगलीला थांबते, आनंदच आहे. पण सह्याद्री एक्सप्रेसबद्दल बोला सगळ्यांनी. पूर्वी थेट मुंबईला जायची, कोरोनात बंद पडली, 2023 ला परत आली ती पुण्यापर्यंतच. आईला परळला तपासणीला न्यायचो तेव्हा तीच सोयीची होती, स्लीपरचं तिकीट परवडायचं आणि पुण्यात उतरून गाडी बदलायची नाही. आजारी माणसाला जिना चढवून फलाट बदलताना काय होतं ते नेणाऱ्यालाच माहीत. ती मुंबईपर्यंत परत व्हायलाच पाहिजे.