प्रतिसाद: फुकटची परदेशवारी?

वर एकांनी विचारलंय की पांढरा शर्ट, टाय आणि काळी नावाची पट्टी लावून सायकलवर धर्मप्रसार करत फिरणारी ती मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) पोरं म्हणजे 'चर्चच्या खर्चाने फुकटची परदेशवारी' ना? फुकट कसली! अमेरिकेतल्या मुलामागे घरच्यांना साधारण दरमहा ५०० डॉलर भरावे लागतात (२०२० च्या आधी ४०० होते), आणि पगार शून्य.

मी तैवानमध्ये राहतो, तिथे ही जोडी रोज दिसते. जोडीच, कारण एकट्याने फिरायची परवानगीच नाही. जोडीदार वरून ठरवून मिळतो, पटो न पटो. अठरा-एकोणीसचं वय, दोन वर्षं घरापासून लांब, डेटिंग बंद. पहाटे साडेसहाच्या सुमारास उठायचं, बायबल आणि 'बुक ऑफ मॉर्मन' (त्यांच्या पंथाचा धर्मग्रंथ) वाचायचं, मग चिनी भाषेची घोकंपट्टी. दिवसभर सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवाल्यांशी बोलायचं. सिग्नल सुटला की संभाषण खलास! आठवड्यातून एकदा लोकांसाठी फुकट इंग्रजी वर्ग घ्यायचा. तिथे गर्दी असते, देवापेक्षा व्याकरणासाठी जास्त.

सोमवार मात्र त्यांचा. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, बास्केटबॉल आणि घरी फोन. हा साप्ताहिक फोनसुद्धा फेब्रुवारी २०१९ पासूनचा. त्याआधी ईमेल चालायचे, पण फोन फक्त नाताळ आणि मातृदिनाला. संध्याकाळी परत टाय.

धर्मप्रसार मला स्वतःला पटत नाही, दारात आले की मी नम्रपणे कटवतो. पण सहल म्हणू नका राव, आपल्याकडची त्या वयाची पोरं या वेळापत्रकात आठवडाभर तरी टिकतील का, शंकाच आहे.