‘सारखा’ पाऊस आणि कापलेला गुण

वहिनी: परवाच्या चाचणीत वाक्य होतं, ‘पाऊस सारखा कोसळत होता, जणू आभाळच फाटलं होतं.’ पिल्लूने अलंकार उपमा लिहिला, तर गुण कापला! ‘सारखा’ दिसतोय ना समोर? रात्री रडत झोपली पोर.

दादा: ‘जणू’ असेल तर उत्प्रेक्षा. विषय संपला.

काका: आभाळ फाटलं म्हणजे अतिशयोक्तीच की.

ताई: वहिनी, अभ्यास घेताना आधी आपण वाचावं. मागे समासाचंही हेच झालं होतं.

वहिनी: तुमचं मार्गदर्शन कायम वेळेवर असतं हो ताई. निकाल लागला की लगेच.

दादा: ‘जणू’ असेल तर उत्प्रेक्षा.

आत्या: आले. चष्मा सापडत नव्हता. सूनबाईंनी ताईला लिहिलं ती व्याजस्तुती: वरून कौतुक, आतून टोचणी. उदाहरण झकास, पण आता दोघी थांबा.

आत्या: सूनबाई, इथला ‘सारखा’ म्हणजे सतत. पाऊस कशासारखा, ते त्या शब्दात कुठे आहे? उपमेला उपमेय हवं, म्हणजे ज्याची तुलना करायची ते, आणि उपमानही, म्हणजे ज्याच्याशी करायची ते. ‘धबधब्यासारखा पाऊस’ ही उपमा. ‘पाऊस जणू धबधबाच’ ही उत्प्रेक्षा, कारण तो धबधबाच असावा असं वाटलं. ‘हा पाऊस नव्हे, धबधबा!’ ही अपन्हुती, पावसालाच नाकारलं. ‘या पावसापुढे धबधबा फिका’ हा व्यतिरेक. वस्तू त्याच दोन, बोलणाऱ्याचा जोर तेवढा बदलतो.

काका: एवढी नावं कशाला? आमच्या वेळी तीन-चारच होती.

आत्या: चारच तर भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. त्या वर्गात होतास का रे? आणि तुझी अतिशयोक्ती ‘जणू’ काढलंस तर चालेल.

दादा: म्हणजे मी वर लिहिलंय तेच. ‘जणू’ असेल तर उत्प्रेक्षा.

आत्या: ‘जणू काही ऐकलंच नाही असा तो निघून गेला.’ इथे उपमान दाखव. नुसता शब्द हेरून उत्तर लिहिलं की पिल्लूचं झालं तेच होतं.

ताई: वहिनी, रविवारी पिल्लूला पाठवा माझ्याकडे. मी बसते तिच्याबरोबर.

वहिनी: बघू.

वहिनी: आत्या, पिल्लू विचारतेय, ‘मोठे काका सारखा तोच मेसेज टाकतात’ यात उपमा नाही ना?

आत्या: नाही. पूर्ण गुण.