पाथ जुळवताना एकट्या स्टारने स्लॅश ओलांडावा का?

दर्यावर्दी, रत्नागिरी:
मिरकरवाडा आणि हर्णै बंदरांवरील मासळीच्या आवकेच्या नोंदी आम्ही रोज सीएसव्ही फाइलींमध्ये ठेवतो. १ जूनला मासेमारीबंदी लागली की सरत्या हंगामाच्या फाइली पुढे पाठवून मूळ फोल्डर रिकामे करायचे, एवढ्याच कामासाठी मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती सगळे पाथ, म्हणजे फाइलींचे फोल्डरांसकट पत्ते, गोळा करून एफएनमॅच फंक्शनने ‘आवक/*.सीएसव्ही’ या पॅटर्नशी ताडून पाहत असे. पॅटर्नमधला स्टार (*) म्हणजे कितीही, कोणतीही अक्षरे, आणि पाथमधला स्लॅश (/) म्हणजे फोल्डरांमधली सीमा. तो पॅटर्न फक्त वरच्या फोल्डरपुरता आहे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो ‘आवक/संग्रह/२०१९/हर्णै.सीएसव्ही’ इथपर्यंत पोचला आणि जुन्या हंगामांचा संग्रह पुसला गेला. बॅकअप अपुरा होता, त्यामुळे कित्येक आकडे कागदी वह्यांवरून पुन्हा भरावे लागले.

माझे मत ठाम आहे. पाथ जुळवणाऱ्या प्रत्येक फंक्शनमध्ये एकट्या स्टारने स्लॅशपाशी थांबलेच पाहिजे. १९७१ च्या युनिक्स या संगणक-प्रणालीत ग्लोब हा स्वतंत्र प्रोग्राम होता आणि तो फोल्डरमधली नावे वाचून पॅटर्नशी ताडत असे. फाइलच्या नावात स्लॅश असूच शकत नाही, त्यामुळे स्टारने तो ओलांडण्याचा प्रश्नच येत नव्हता. ज्याला खोल उतरायचे आहे त्याने दुहेरी स्टार (**) लिहावा, म्हणजे वाचणाऱ्यालाही हेतू कळतो.

सुरंगी, मालवण:
आपल्या नुकसानीचे वाईट वाटते, पण निष्कर्षाशी सहमत नाही. एफएनमॅचच्या मॉड्यूलसाठी स्लॅश हे विशेष चिन्ह नाही, असे पायथनच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. सी भाषेतल्या एफएनमॅचमध्येही पाथनेमचा फ्लॅग (जादा पर्याय) दिला नाही तर स्टार स्लॅश ओलांडतो, आणि बॅश या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये फाइली शोधताना स्लॅशपाशी थांबणारा हाच स्टार केस विधानात तो बिनदिक्कत ओलांडतो, कारण तिथे तो नुसत्या अक्षरांची तुलना करत असतो. दोन कामे आहेत, म्हणून दोन अर्थ आहेत. आपण पाथसाठी अक्षरांचे हत्यार उचलले. शिवाय दुहेरी स्टारचा अर्थ तरी कुठे सगळीकडे एक आहे? बॅशमध्ये तो २००९ साली ४.० आवृत्तीत आला आणि आजही ग्लोबस्टार ही सेटिंग चालू केल्याशिवाय साध्या स्टारसारखाच वागतो. पायथनच्याच पाथलिब मॉड्यूलमधल्या मॅचमध्येही तो साध्या स्टारसारखाच धरला जातो. पूर्ण पाथ दुहेरी स्टारसह जुळवणारे फुल-मॅच ३.१३ आवृत्तीत आले.

कातळ, देवगड:
स्टारवर एवढे बोललो, पण प्रश्नचिन्हाकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. आपल्याकडे फाइलींची नावे मराठीत असतात, आणि पायथनच्या पॅटर्नमध्ये प्रश्नचिन्ह (?) म्हणजे कोणतेही एक युनिकोड चिन्ह, डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. ‘हर्णै’ आपण दोन अक्षरे म्हणून वाचतो. संगणकाकडे मात्र ह, र, हलन्त, ण आणि दोन मात्रांचे एक चिन्ह (ै) अशी पाच चिन्हे असतात. त्यामुळे दोन प्रश्नचिन्हांचा पॅटर्न त्या नावाशी जुळत नाही, तर ‘रत्नागिरी’ला नऊ लागतात. मराठी नावांसाठी प्रश्नचिन्ह वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की जून-जुलैमध्ये आवकेचे फोल्डर रिकामे असते. बॅशमध्ये काहीच जुळले नाही तर पॅटर्न जसाच्या तसा पुढे जातो, फॉर लूप एकदा फिरतो आणि स्टार असलेल्या, अस्तित्वात नसलेल्या फाइलीवर काम करू पाहतो. काहीच न जुळल्यास पॅटर्न गाळून टाकणारी नलग्लोब ही सेटिंग चालू करणे हा त्यावरचा उपाय.

दर्यावर्दी, रत्नागिरी:
कातळ, प्रश्नचिन्हाचे मला ठाऊक नव्हते. आमच्या दोन पॅटर्नांत ते आहे, आजच काढतो. सुरंगी, हत्यार चुकीचे निवडले हे मान्य. तरीही ज्या फंक्शनच्या नावातच फाइलनेम आहे, त्याला पूर्ण पाथ दिला तर त्याने निमूटपणे हो म्हणावे, हे मला पटत नाही. गो भाषेतल्या फाइलपाथच्या मॅचमध्ये स्टार स्लॅशपाशी थांबतो. पायथनला ते अशक्य नव्हते.

सुरंगी, मालवण:
अशक्य नव्हते, पण आता बदलले तर याच वागण्यावर विसंबलेला लोकांचा कोड मोडेल, आणि त्यातही कोणाच्या तरी फाइली पुसल्या जातील. फाइली पुसणाऱ्या स्क्रिप्टने आधी यादी छापावी आणि माणसाने ती वाचून होकार दिल्यावरच पुढे जावे. आपली यादी छापली असती, तर ‘संग्रह/२०१९’ डोळ्यांना दिसले असते.